ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा फिल्टर बदलायचा तर पहाट गाठा

सोलापुरात हे काम डिसेंबर-जानेवारीतच काढावं, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत थंडी असते तेव्हा. आणि त्याचा शेवटचा टप्पा पहाटे उरकावा. कारण पुढे येईलच, पण वेळ आधी ठरवा. सामान बारा महिने मिळतं, थंडी मिळत नाही.

क्लचचं पेडल नाही म्हणून सगळ्या गाड्या आतून सारख्या नसतात. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, त्याचा क्लच आणि गिअर यंत्र टाकतं. त्यात हा फिल्टर शोधत बसू नका. सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा) आणि ड्युअल क्लच (दोन क्लचचा) गिअरबॉक्स असेल तर ऑइल वेगळं, रीतही वेगळी. मी सांगतोय ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (इंजिनची ताकद ऑइलमधून पुढे देणाऱ्या) गिअरबॉक्सबद्दल, ज्याच्या बुडाला चेंबर, म्हणजे ऑइलचं पसरट भांडं असतं आणि ते उतरवलं की वर फिल्टर दिसतो. काही गिअरबॉक्सचा फिल्टर पूर्ण खोलल्याशिवाय निघत नाही. तिथे नुसतं ऑइल बदलावं. काहींत प्लास्टिकच्या चेंबरमध्येच फिल्टर बसवलेला असतो, तिथे अख्खं चेंबर नवं घ्यावं लागतं.

‘हे ऑइल गाडीच्या आयुष्यभराचं आहे’ हा सल्ला मला पटत नाही. उन्हाळ्यात पारा 43-44 वर जातो, सात रस्त्याच्या गर्दीत गाडी रांगते, आणि उष्णतेने ऑइल म्हातारं होतं. मी 60,000 किलोमीटरला बदलतो. ‘ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतो’ असंही ऐकाल. बसतो तो आधीच घसरत असलेला. ऑइल काळं पडून जळका वास येत असेल आणि गिअर घसरत असेल, तर नवं ऑइल त्याला वाचवत नाही. असा गिअरबॉक्स आधी जाणकाराला दाखवा.

ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घ्या. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असा डबा कितीही स्वस्त असला तरी नको.

संध्याकाळी गाडी थोडी फिरवून आणा. मग चार भक्कम स्टँडवर चढवा आणि पाणसळ लावून चारही बाजू सपाट करा. नुसतं पुढचं तोंड उचललं तर पुढची सगळी मापं चुकतात. आता सगळ्यात आधी ऑइल भरायचा बोल्ट सैल करून बघा, ऑइल काढायचा बोल्ट नंतर. भरायचा बोल्ट जाम निघाला आणि ऑइल आधीच सांडलेलं असलं, तर गाडी जागची हलणार नाही.

ऑइल मापाच्या कॅनमध्ये काढा आणि लिटर लिहून ठेवा. साधारण तीन-चार लिटर निघतं. जवळपास तेवढंच टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत राहतं, त्याची काळजी नको.

चेंबर उतरवल्यावर आतले लोहचुंबक पाहा. त्यांच्यावर करडा, मऊ लेप असणं ठीक आहे. चमकणारे तुकडे दिसले तर काम तिथेच थांबवा. फिल्टर ओढून काढला की त्याच्या नळीची जुनी रबरी रिंग बहुतेक वेळा वर भोकातच अडकून राहते. टॉर्च मारून बघा आणि अॅल्युमिनियमला ओरखडा न पाडता ती काढा. तिच्यावर दुसरी रिंग बसवली तर फिल्टर नीट बसत नाही आणि पंप हवा ओढतो. नवी रिंग ताज्या ऑइलने ओली करून बसवा.

जुनी सोलापुरी चादर खाली अंथरायला उत्तम. पण चेंबरचं आतलं अंग आपल्या घरच्या टॉवेलने पुसू नका. त्याचे दोरे सुटतात आणि थेट नव्या फिल्टरवर जाऊन बसतात. दोरे न सुटणारं कापड वापरा. पॅकिंग कोरडं लावा. पुस्तकात सांगितलं नसेल तर सिलिकॉन नको. बोल्ट बारीक असतात, म्हणून टॉर्क पान्याने (किती जोर लागतोय ते कळतं त्या), समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. हाताच्या अंदाजाने आवळलेत तर आटे जातात.

निघालं होतं त्यापेक्षा अर्धा लिटर जास्त ऑइल भरा आणि गाडी रात्रभर तशीच ठेवा.

आता पातळी. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना डिपस्टिक नसते. चेंबरला पातळीचा बोल्ट असतो. इंजिन चालू असताना तो काढायचा, जादा ऑइल वाहू द्यायचं आणि धार थेंबांवर आली की बंद करायचा. अट एकच: त्या वेळी गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान पुस्तकात दिलेल्या मर्यादेत हवं. बहुतेक ठिकाणी ते साधारण 35 ते 45 अंशांच्या आसपास असतं.

माझी पहिली खेप मे महिन्यातली, दुपारची, पत्र्याच्या शेडखाली. इंजिन चालू करायच्या आधीच ऑइल चाळिशीपुढे गेलेलं. मी बोल्ट काढला तेव्हा स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे दाखवणारं यंत्र) 58 अंश होते. धार थांबेना. मला वाटलं जास्त भरलंय, म्हणून थेंब येईपर्यंत वाहू दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डी टाकला तर गाडी दोन सेकंद जागची हलली नाही, मग झटका देऊन निघाली. चढावर इंजिन ओरडायचं आणि गाडी पुढे सरकायची नाही. आठवडाभर मी फिल्टरला दोष देत होतो, चेंबर परत उतरवायला निघालो होतो. दोष पातळीचा होता.

तापलेलं ऑइल फुगतं आणि पातळीचं भोक ठरलेल्या उंचीवर असतं. 58 अंशांना भोकाच्या काठाशी असलेलं ऑइल थंड झालं की काठाच्या खाली उतरतं, म्हणजे गिअरबॉक्स कायमचा उपाशी. उलट, 20 अंशांना पातळी धरलीत तर तापल्यावर ऑइल जास्त होतं, फिरणाऱ्या भागांना लागतं आणि फेस येतो. इंजिन बंद ठेवून बोल्ट काढलात तर कन्व्हर्टरमधलं ऑइल खाली उतरलेलं असतं, नको इतकं वाहून जातं. यातल्या पहिल्या दोन चुकांतून तुम्हाला वाचवतो तो फक्त पारा.

म्हणून पहाट. जानेवारीत साडेपाचला गाडी थंडगार असते, ऑइल सावकाश चढतं आणि तुमच्या हातात दहा-पंधरा मिनिटं राहतात. मे महिन्यात दुपारी एकही मिनिट मिळत नाही.

गिअरबॉक्सचं तापमान दाखवणारा स्कॅनरच हवा. स्वस्त स्कॅनर पुष्कळदा फक्त इंजिनच्या पाण्याचं तापमान दाखवतात. त्यावर विसंबू नका. चेंबरवर लांबून रोखायचं थर्मामीटर पत्रा मोजतं, आतलं ऑइल नाही.

माझा धाकटा भाऊ आत बसतो, ब्रेकवरचा पाय काढत नाही. इंजिन सुरू झालं की गिअरचा दांडा पी, आर, एन, डी असं प्रत्येक जागी पाच-पाच सेकंद थांबून परत पी. तोवर मी गाडीपासून लांब. पी पडला, हँडब्रेक लागला, मगच खाली शिरतो. मग तो आकडे सांगत राहतो. “दादा, अडतीस,” ऐकलं की मी बोल्ट काढतो. धार वाहते, बारीक होते, तुटते, थेंब पडू लागतात. तेव्हा बोल्ट परत. सुरुवातीला काहीच वाहिलं नाही तर ऑइल कमी आहे: इंजिन चालूच ठेवून वरून थोडं भरा. ऑइल 45 च्या पुढे गेलं तर बोल्ट लावा, इंजिन बंद करा आणि उद्याच्या पहाटे परत करा. ‘थोडंसंच पुढे गेलंय’ म्हणून चालवून घेऊ नका. सायलेन्सर तापलेला असतो, हातमोजे घाला.

जुनं ऑइल नाल्यात ओतू नका. गॅरेजवाले जमा करतात, त्यांना द्या. पुणे रस्त्याने 40-50 किलोमीटर फिरवून या आणि रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवा. सकाळी त्यावर लाल थेंब दिसला, तर गळती आधी चेंबरच्या बोल्टांशी शोधा.