होमिओपॅथी सुरू करताय? आधी या चुका टाळा

माझ्या मुलाला बालदमा आहे. तो सहा वर्षांचा असताना सोसायटीतल्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून आम्ही होमिओपॅथी सुरू केली. डॉक्टरांनी पाऊण तास केस घेतली. झोपेत डोक्याला घाम येतो का, पांघरूण फेकतो का, अंधाराला घाबरतो का, तहान किती लागते. माझ्या मुलाबद्दल इतकं आपुलकीनं तोवर कुणीच विचारलं नव्हतं. मी अगदी निर्धास्त होऊन घरी आले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याचा पंप बंद केला.

डॉक्टरांनी तसं सांगितलं नव्हतं. बंद करू नका, असंही कुणी म्हणालं नाही. "पंपाची सवय लागते" हे माझ्याच डोक्यात पक्कं बसलेलं होतं. डिसेंबरातल्या एका पहाटे तीन वाजता तो उठून बसला. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती आणि "आई, पाणी दे" एवढंही त्याला एका दमात म्हणता येईना. मग नेब्युलायझर, ऑक्सिजन आणि दोन रात्री दवाखान्यात.

होमिओपॅथीकडे जाणाऱ्या कुणालाही मी आज अडवत नाही. पण जाण्याआधी काय माहीत असायला हवं, ते मनापासून सांगावंसं वाटतं.

चालू औषध परस्पर बंद करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दम्याच्या रोजच्या पंपाची सवय लागत नाही. त्यातल्या औषधाचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि तो थेट श्वासनलिकांत जातो. पंप थांबवला की आतली सूज हळूहळू परत येते, म्हणूनच पहिले काही आठवडे काहीच जाणवत नाही आणि आपल्याला वाटतं, गोळ्या लागू पडल्या. थायरॉइडची गोळी, बीपीची गोळी, रक्त पातळ करण्याचं औषध, फिटची औषधं, हीसुद्धा परस्पर थांबवायची नसतात. टाइप १ मधुमेहाच्या मुलाचं इन्सुलिन थांबलं तर एक-दोन दिवसांतच जिवावर बेतू शकतं. टीबीचा कोर्स अर्धवट सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच स्पष्ट सांगितलं होतं की टीबी, मलेरिया, एचआयव्ही आणि तान्ह्या बाळांचे जुलाब यांवर होमिओपॅथीच्या भरवशावर राहू नका. ज्या डॉक्टरांनी औषध सुरू केलं, त्यांना विचारल्याशिवाय एकही गोळी कमी करायची नाही.

गोळीत काय आहे हे न विचारणं

साबुदाण्यासारख्या त्या गोळ्या साखरेच्या असतात आणि त्यांवर औषधाचे थेंब टाकलेले असतात. बाटलीवर "३०" लिहिलेलं असतं, ते विरलतेच्या पायऱ्यांचं. मूळ अर्काचा एक भाग, त्यात द्रावणाचे ९९ भाग, मग त्या मिश्रणातला एक भाग घेऊन पुन्हा ९९ भाग, असं तीस वेळा. बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरण्याची शक्यता जवळपास संपते. "२००" आणि "वन एम" तर त्याच्याही कितीतरी पुढे. ही पद्धत घालून देणारे जर्मन डॉक्टर सॅम्युएल हानेमान १८४३ मध्ये वारले. रेणू किती असतात याचा पहिला चांगला अंदाज १८६५ मध्ये आला, म्हणजे त्यांना हे कळायला मार्गच नव्हता. आपल्याला आहे.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने उपलब्ध अभ्यास तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष काढला की होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा एकाही आजारात मिळत नाही. मग बरं वाटतं ते खोटं का? नाही. इंग्लंडमध्ये संधिवाताच्या ८३ रुग्णांवर झालेला, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. त्यात फरक पडला तो डॉक्टरांशी झालेल्या सविस्तर बोलण्याने, औषधाने नव्हे. मला त्या पाऊण तासात जे मिळालं, ते हेच होतं. ते खरंच मोलाचं असतं, पण त्याने श्वासनलिकेची सूज उतरत नाही.

मदर टिंक्चर मात्र वेगळं. त्यात झाडपाल्याचा खरा अर्क असतो आणि बरंचसं अल्कोहोलही. लहान मुलांना, गरोदर बाईला किंवा लिव्हरचा त्रास असलेल्याला "होमिओपॅथीच तर आहे" म्हणून ते देऊ नये.

मुतखडा कुणामुळे पडला?

आपल्याकडे होमिओपॅथीचं नाव हमखास ज्या दुखण्यासाठी निघतं, ते मुतखड्याचं. "बर्बेरिसचे थेंब घेतले आणि खडा पडला" हे सांगणारा प्रत्येक घरात एक तरी सापडतो. सोनोग्राफीचा रिपोर्ट काढून आकडा बघा. चार-पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे भरपूर पाणी प्यायल्यावर काही आठवड्यांत आपोआप पडतात. खडा मोठा असेल तर तो अडकू शकतो, आणि खरा धोका तिथेच आहे: दुखणं थांबतं, आपण खूश होतो आणि लघवी तुंबून किडनी मात्र आतून फुगत जाते. म्हणून दुखणं थांबलं तरी ठरलेल्या तारखेला पुन्हा सोनोग्राफी करायचीच. खड्यासोबत थंडी वाजून ताप आला, किंवा लघवी होईनाशी झाली, तर थेंब बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

मुलांच्या हातावरच्या चामखिळींचंही तसंच. पुष्कळ मुलांच्या एक-दोन वर्षांत काही न करता जातात. सर्दी आठ-दहा दिवसांत उतरते. मधल्या काळात आपण जे औषध घेतो, त्याच्या नावावर श्रेय जमा होतं.

"आधी वाढेल, मग बरं होईल"

गोळ्या सुरू केल्यावर कुणी हे वाक्य ऐकवलं, तर थांबून राहू नका. त्रास वाढला म्हणजे त्रास वाढला. धाप, न उतरणारा ताप, छातीत दुखणं, बाळाची लघवी कमी होणं, सुस्ती, यांत वाट बघण्यासारखं काही नाही.

निदान न करता औषध घेणं हीसुद्धा याचीच बहीण. शौचावाटे रक्त जातंय, म्हणजे मूळव्याध, असं घरीच ठरवून वर्षभर पुड्या खाणारे लोक मी पाहिलेत. आधी सर्जनकडून तपासून घ्या, कारण आतड्याचा कॅन्सरही असाच सुरू होऊ शकतो.

बिननावाच्या पुड्या

प्रत्येक औषधाचं नाव कागदावर लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे आणि चांगले डॉक्टर आनंदाने देतात. सांधेदुखी किंवा दमा बिननावाच्या पुडीने दोन दिवसांत जादूसारखा थांबला, तर आनंदाआधी शंका यायला हवी, की यात स्टेरॉइड तर नाही? आणि तसं असेल तर ते एकदम बंद करणंही धोक्याचं, म्हणून उरलेल्या पुड्या घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. आपल्या राज्यात बीएचएमएस (होमिओपॅथीची पदवी) झालेले अनेक डॉक्टर ॲलोपॅथीची औषधंही लिहून देतात. त्यामुळे "ही गोळी कुठल्या पॅथीची?" हे विचारायला लाजू नका.

पथ्याबद्दल एवढंच: कांदा-लसूण, कॉफी, कापूर यांवरून घरात रोज भांडणं होत असतील तर ते पथ्य सोडून द्या. पथ्य मोडलं म्हणून गुण आला नाही, असं म्हणत मुलाला रागावू तर अजिबात नका.

तारीख ठरवा

पहिल्या भेटीतच विचारा: काय कमी झालं म्हणजे फरक पडला म्हणायचं, आणि किती दिवसांत? उत्तर वहीत लिहा. दम्यासाठी मी आता पिवळ्या वहीत रोज तीन गोष्टी लिहिते: रात्री खोकून उठला का, तातडीचा पंप किती वेळा लागला, शाळा बुडली का. त्या आठवड्यांची अशी वही असती, तर रात्रीच्या खोकल्याच्या खुणा मला डिसेंबरच्या आधीच दिसल्या असत्या. ठरलेल्या तारखेला वही आणि सगळे कागद घेऊन मुलांच्या डॉक्टरांकडे जा आणि होमिओपॅथी चालू आहे हेही त्यांना सांगा. ते रागावतील म्हणून मी लपवलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त पंप हातात घेऊन स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून कसा ओढायचा, ते मुलाकडून पुन्हा एकदा करून घेतलं.