नाल्याकाठचं गरवं भात: निसवताना खाचर सुकू देऊ नका

रायगड-पालघरात कारखान्यांच्या नाल्याकाठी ज्यांची भातखाचरं आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय: नाल्यातून येणारा कॅडमियम हा विषारी जड धातू दाण्यात उतरू नये म्हणून. भात पोटरीत आलंय, म्हणजे लोंबी अजून खोडातच आहे. आजच बांधावरून फिरा आणि खेकड्यांची बिळं शोधा.

दरवर्षी तेच बघतो. भात निसवलं, म्हणजे लोंबी बाहेर पडली, की माणूस निर्धास्त होतो. कुणी भात आडवं पडेल म्हणून पाणी तोडतो, कुणाचं बिळातून रातोरात निघून जातं. आठ दिवसांत खाचराला भेगा पडतात. साचलेल्या पाण्याखाली हवा नसते, तेव्हा गंधकाचं सल्फाइड कॅडमियमला धरून ठेवतं. हवा शिरली की ते सुटतं, माती आंबट होते आणि नेमकं दाणा भरताना मुळं ते ओढून घेतात. दाण्यावर डाग नाही, वासही नाही. म्हणून कुणी मनावर घेत नाही.

जपानात तोयामाकडे कॅडमियमच्या तांदळाने माणसांची हाडं मोडली. आज तिथला सल्ला असा: निसवण्याआधी 3 आठवडे आणि नंतर 3 आठवडे खाचरात पाणी साचलेलंच ठेवायचं. आपण किमान 5 सेंमी धरू. हळवं (लवकर तयार होणारं) भात पावसातच निभावतं. खरा धोका गरव्याला (उशिरा तयार होणाऱ्याला), कारण मुंबईतून मान्सून परतायची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर आणि गरव्याचा दाणा त्यानंतरही भरत असतो. म्हणजे आत्ताचं पावसाचं पाणीच अडवायचं. नंतर नाल्याचं पाणी घेऊन खाचर भरू नका, ती आगीत तेल ओतण्याची गत.

बंगालमध्ये आर्सेनिकसाठी खाचर आलटून-पालटून सुकवतात. ते व्हिडिओ बघून इथे तसं करू नका. कॅडमियमचं वागणं उलटं आहे.

आत्ताची कामं:
- बिळं चिखलाने ठोकून बंद, बांध लिंपणं
- नाल्याकडचं तोंड बंद
- नत्राचा शेवटचा हप्ता (एकूण नत्राच्या 20 टक्के)
- कापणीआधी 10 दिवस पाणी काढणं, त्याआधी नाही

चुना आत्ता नको. कापणीनंतर माती तपासा, सामू (pH, मातीचा आंबटपणा मोजणारा आकडा) 5.5 च्या खाली असेल तर अहवालातल्या चुन्याच्या गरजेएवढाच चुना पुढच्या उन्हाळ्यात नांगरटीत मिसळा. सामू 6.5 च्या आसपास आला की कॅडमियम बरंच जखडतं. चुना आणि युरिया एकत्र टाकू नका, नत्र उडून जातं. चुन्याने जस्त कमी पडतं, म्हणून लावणीच्या वेळी हेक्टरी 25 किलो झिंक सल्फेट. मी स्वतः गिरणीतली तुसाची राखही एकरी चार-पाच पोती टाकायला सांगतो. त्यातली सिलिका कॅडमियम दाण्यात जाणं कमी करायला मदत करते. हे माप मात्र माझ्या अंदाजाचं, शिफारशीतलं नाही.

दुकानात ‘जड धातू शोषणारी’ म्हणून महागड्या बाटल्या पुढे करतात. घेऊ नका. त्या पैशात माती परीक्षण होईल, चुन्याची गोणीही येईल.

नाल्याच्या तोंडाशी असलेली पहिली दोन खाचरं सगळ्यात जास्त गाळ खातात. त्यांचं भात वेगळं झोडा, वेगळं ठेवा आणि प्रयोगशाळेत कॅडमियम तपासून घ्या. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची मर्यादा पॉलिश केलेल्या तांदळात किलोला 0.4 मिलिग्रॅम आहे. त्या खाचरांचा पेंढा गुरांना घालू नका आणि परत त्याच मातीत गाडूही नका. धातू दाण्यापेक्षा पेंढ्यात जास्त राहतो.