नेपाळमध्ये मुलांना इंग्रजी शिकवायला जाताय? या चुका टाळा

नेपाळ आपल्याला परदेश वाटतच नाही. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागत नाही, पाटीवरची अक्षरं देवनागरी, जेवण वरणभाताचं, घड्याळ फक्त १५ मिनिटं पुढे. त्यामुळे सुट्टीत गरीब मुलांना इंग्रजी शिकवायला जायचं ठरलं की मराठी घरांतून पहिलं नाव नेपाळचं निघतं. आणि जवळचं म्हणून तयारी निम्मीच होते. खालच्या बहुतेक चुका या जवळिकीतून होतात. त्यांची किंमत मुलं मोजतात, म्हणून त्या आधीच माहीत हव्यात.

अनाथाश्रम निवडणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि इथे मधला मार्ग नाही. नेपाळच्या बालगृहांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण, जिवंत आहेत. हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांत दलाल जातात, ‘शहरात चांगलं शिक्षण मिळेल’ म्हणून पालकांकडून पैसे घेतात आणि मूल बालगृहात आणून सोडतात. कागदोपत्री ते अनाथ होतं. अशी बालगृहं मुख्यतः काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या जिल्ह्यांत आहेत, म्हणजे जिथे पर्यटक जातात तिथेच. पाहुणा येतो, फी देतो, देणगी देतो, म्हणून मूल तिथेच राहतं. तुमचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी तुमच्या पैशाने हा व्यवहार चालू राहतो.

म्हणून काम शाळेत घ्या, मुलं संध्याकाळी आपल्या घरी जातात अशा ठिकाणी. शाळा निवडतानाही एका शब्दाने घोटाळा होतो. नेपाळमध्ये खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेला सरसकट ‘बोर्डिङ’ म्हणतात, तिथे वसतिगृह असो वा नसो. गरीब घरातली मुलं बहुतेक ‘सामुदायिक विद्यालया’त, म्हणजे सरकारी शाळेत असतात. ‘बोर्डिङमध्ये शिकवायचंय’ असं कुणी कळवलं, तर ते फी भरू शकणाऱ्या मुलांचं आहे का, हे आधी विचारा.

मध्ये संस्था असेल तर तीन गोष्टी लेखी मागा. जिल्ला प्रशासन कार्यालयातल्या नोंदणीचा दाखला आणि त्याच्या ताज्या नूतनीकरणाचा कागद. समाज कल्याण परिषदेशी संलग्नता असल्यास तिचं पत्र. फीची फोड: राहणं-जेवण किती, शाळेला किती, कार्यालयाला किती. रक्कम ‘आयसी’त (भारतीय रुपयांत) सांगितली की ‘एनसी’त (नेपाळी रुपयांत), हेही स्पष्ट करून घ्या. भारतीय एक रुपया म्हणजे नेपाळी १.६० रुपये, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. शाळेच्या वाट्याला काही येत नसेल किंवा फोड द्यायला टाळाटाळ होत असेल, तर दुसरी संस्था शोधा.

उलट बाजूनेही पाहा. तुमच्याकडे चारित्र्याचा दाखला कुणी मागितलाच नाही, तर ती जागा मुलांसाठी सुरक्षित नाही. महाराष्ट्र पोलिसांकडे ऑनलाइन अर्ज करून चारित्र्य पडताळणीचा दाखला मिळतो. न मागता न्या, म्हणजे शाळेलाही सवय लागेल.

कागद आणि तारखा

विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागतं. १५ ते ६५ वयाच्या माणसाला नुसत्या आधार कार्डावर जाता येत नाही. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये वाढलेल्या, तिथला पासपोर्ट असलेल्या मराठी मुलांनी ओसीआय कार्डावर विसंबू नये. नेपाळसाठी ते परदेशीच ठरतात, त्यांना व्हिसा लागतो, आणि पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही चालत नाही. शाळेने किंवा संस्थेने परवानगीची व्यवस्था केली आहे का, हे तिकिटाआधी विचारायचं.

तारखांची चूक तर नेहमीची. नेपाळचं शालेय वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर सुरू होतं. चैत्रात परीक्षा असतात. दसैं आणि तिहारला (आपल्या दसरा-दिवाळीच्या सुमारास) शाळा बंद असतात, म्हणजे आपल्याकडच्या दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर वर्ग रिकामा सापडेल. पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ते बंद होतात. डोंगराळ भागात पूस-माघात थंडीची सुट्टी असते. तिहारनंतरचे आठवडे किंवा जेठ महिना त्यातल्या त्यात चांगला. आठवड्याची सुट्टी पारंपरिकपणे शनिवारी असते. रविवार मोकळा धरून बेत आखू नका.

किती दिवस? दोन आठवड्यांत मुलांची नावं पाठ होतात, एवढंच. सहा ते आठ आठवडे देता येत नसतील तर वर्ग घेण्याऐवजी शिक्षकांसोबत साहित्य तयार करण्याचं काम मागा. त्याचा उपयोग जास्त होतो.

‘आपली हिंदी चालते की!’

चालते, आणि तिथेच वर्ग बिघडतो. सिनेमा-टीव्हीमुळे पुष्कळ मुलांना हिंदी समजतं. इंग्रजीत अडलं की भारतीय शिक्षक हिंदीत शिरतो, मुलं हिंदीत उत्तर देतात, तास मजेत जातो आणि इंग्रजी तिथेच राहतं. शिवाय मुलांच्या घरची भाषा हिंदी नाहीच, अनेकदा नेपाळीही नसते. २०२१ च्या जनगणनेत नेपाळमध्ये १२४ मातृभाषा नोंदल्या गेल्या आणि नेपाळी ही निम्म्याहून कमी लोकांची मातृभाषा आहे. तामाङ, थारू, मैथिली, मगर बोलणाऱ्या मुलासाठी इंग्रजी ही तिसरी भाषा असते. पहिल्या दिवशी शिक्षकांना विचारा: घरी काय बोलतात?

आधाराला भाषा हवीच असेल तर नेपाळीचे तीसेक शब्द शिकून जा: ‘हेर’ (बघ), ‘सुन’ (ऐक), ‘लेख’ (लिही), ‘फेरि’ (पुन्हा), ‘बिस्तारै’ (हळू), ‘राम्रो’ (छान). मुलांना ‘तिमी’ आणि शिक्षकांना, पालकांना ‘तपाईं’. आपल्या ‘तू’च्या सवयीने ‘तँ’ म्हणू नका, ते उद्धट वाटतं. सारख्या दिसणाऱ्या शब्दांपासूनही सावध. नेपाळीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण.

आणि मराठी अर्थाची शिक्षा, म्हणजे छडी किंवा अंगठे धरून उभं करणं, नेपाळमध्ये बेकायदा आहे. २०१८ च्या बालकविषयक कायद्याने घर आणि शाळा दोन्हीकडे तिच्यावर बंदी आली. दक्षिण आशियात असं करणारा नेपाळ पहिला देश. तरी कुठे छडी दिसलीच तर वर्गात शिक्षकाला अडवून त्याचा पाणउतारा करू नका. त्याच दिवशी मुख्याध्यापकांशी एकांतात बोला. प्रकार गंभीर असेल तर १०९८ ही बालहेल्पलाइन तिथेही आहे.

फळ्यावर देवनागरीत इंग्रजी लिहिणं

उच्चार कळावा म्हणून इंग्रजी शब्दाखाली ‘बॅट’, ‘डॉक्टर’ लिहायचा मोह मराठी माणसाला हमखास होतो. नेपाळी लेखनात आपला अर्धचंद्र वापरत नाहीत. तिथे ‘ब्याट’, ‘डाक्टर’, ‘कलेज’ असं लिहितात, म्हणून तुमची खूण मुलांना वाचताच येत नाही. ज्याला वाचता येते तो इंग्रजी अक्षरांकडे बघणं सोडून देतो. देवनागरी पूर्ण बंद ठेवा. आवाज ऐकवा, तोंडाची ठेवण दाखवा, मग इंग्रजी अक्षर.

उच्चारात अडचण कुठे येते, ते आधी माहीत असलं की वेळ वाचतो.

‘शी’ऐवजी ‘सी’ ऐकू येतं, कारण बोलण्यातल्या नेपाळीत श आणि स यांत फरक राहत नाही. ओठ पुढे काढून, बोट ओठांवर ठेवून ‘श्श’ करायला लावा. मग शिप-सिप, शू-सू अशा जोड्या. तुम्ही शब्द म्हणायचा, मुलांनी एक किंवा दोन बोटं वर करायची. आधी कानाला फरक कळू दे, मग तोंडाला.

‘शिप’ आणि ‘शीप’ एकच होतात, कारण ऱ्हस्व-दीर्घ लिहिण्यात असतं, बोलण्यात जाणवत नाही. हाताने ताणून दाखवा.

‘व्हॅन’चं ‘भ्यान’ होतं. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून दाखवा. इथे स्वतःलाही तपासा: आपल्याकडेही ‘वाइन’ आणि ‘व्हाइन’ या इंग्रजी शब्दांचे पहिले आवाज एकच होऊन जातात. जाण्याआधी आवाज रेकॉर्ड करून ऐका.

‘जग’ या इंग्रजी शब्दात मराठी माणूस मदत करू शकतो. पाण्याचा जग आणि ‘सारं जग’ यांतले दोन ज आपण वेगळे उच्चारतो. नेपाळीत ज दुसऱ्यासारखा, दातांशी येतो. जीभ कुठे टेकते, ते तुम्हाला दाखवता येईल.

व्याकरणात सगळ्यात चिवट चूक आईला इंग्रजीत ‘शी’ऐवजी ‘ही’ (he) म्हणण्याची. नेपाळीत तो आणि ती दोघांनाही ‘ऊ’. आदराने ‘उहाँ’, तेही दोघांना. म्हणजे मूल निष्काळजी नाही, हा भेद त्याच्या भाषेतच नाही. नियम सांगून उपयोग होत नाही. घरातल्या माणसांची चित्रं मुलांकडूनच काढून घ्या आणि रोज तासाच्या सुरुवातीला तीन मिनिटं साखळी चालवा: ‘ही माझी आई. ती शेतात काम करते.’ शेजारच्याने मग आपलं माणूस जोडायचं. सगळी वाक्यं अर्थात इंग्रजीतच.

एक उलटीच चूक: एखादं मूल इंग्रजीत सांगतं, माझा जन्म २०७२ चा. ते चुकलेलं नाही. नेपाळमध्ये विक्रम संवत चालतो, तो आपल्या सनाच्या सुमारे ५७ वर्षं पुढे. खोडू नका.

पाचवी म्हणून पाचवीचं शिकवणं

पहिल्या दोन दिवसांत प्रत्येक मुलाला पाच मिनिटं देऊन तोंडी तपासा: मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, तीन अक्षरांचे शब्द, चार-पाच शब्दांचं वाक्य. मूल जिथे थांबतं ती त्याची पातळी. मुंबईच्या वस्त्यांतून सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणात अशीच सोपी चाचणी वापरतात. एका वर्गात चारही पातळ्या निघतील. दिवसातून एक तास पातळीनुसार गट करा, बाकी वेळ वर्गशिक्षकाच्या पुस्तकाप्रमाणेच. पुस्तक सानोठिमीच्या पाठ्यक्रम विकास केंद्राचं असतं, ते आधी डाउनलोड करून वाचा. परीक्षा त्यावरच होते. दहावीची एसईई ही परीक्षा तर मुलांचं पुढचं शिक्षण ठरवते. पुस्तक बाजूला सारून फक्त गाणी-खेळ घेतले, तर तुम्ही गेल्यावर शिक्षकाला दुप्पट धावावं लागतं.

‘समजलं का?’ विचारणं

‘येस सर’ असं एका सुरात येईल. त्याचा अर्थ काहीच नाही. मुलं मागे म्हणण्यात तरबेज असतात. ‘आय ॲम फाइन’ हे ताप असलेलं मूलही म्हणतं. त्याऐवजी करून दाखवायला लावा: पुस्तक बाकाखाली ठेव, दार उघड, दोन मुलींना उभं कर. कृती चुकली की कुठे अडलंय ते लगेच दिसतं.

दुसरं कारण वेळेचं. ४० मुलांना एकेक करून बोलवलं तर १५ मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला २२ सेकंद येतात. जोड्या लावल्या तर सात मिनिटं. ४० मिनिटांचा तास साधारण असा बसवा: पाच मिनिटं कालचं, दहा मिनिटं नवे पाच शब्द आणि एकच वाक्यरचना, पंधरा मिनिटं जोडीत बोलणं, पाच मिनिटं लिहिणं, पाच मिनिटं पाच मुलांची तपासणी. पहिल्या आठवड्यात जोडीकामात गोंगाट होतो, बाकं जड असतात, मुलं बावरतात. बाकं हलवू नका, पुढच्या बाकाने मागे वळायचं. हात वर म्हणजे गप्प, ही खूण आधी पक्की करा.

दुपारनंतर वर्ग थंड पडतो, त्याचं कारण बहुतेक वेळा पोट असतं. शाळा दहाला भरते, मुलं सकाळीच डालभात खाऊन निघतात, काही जण तास-दीड तास चालत येतात. नवीन भाग सकाळीच घ्या. खाज्याच्या (दुपारच्या खाण्याच्या) सुट्टीपूर्वीचा तास उजळणीला.

बॅगेत चॉकलेटं, हातात मोबाइल

पेन, चॉकलेट वाटल्याने मुलं पुढच्या पाहुण्याकडेही हात पसरतात आणि शिक्षकाचा मान कमी होतो. वह्या-खडू द्यायचेच तर तिथल्याच दुकानातून घेऊन मुख्याध्यापकांच्या हाती द्या. चित्रकार्डं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर बनवा, अक्षर निदान चार सेंटिमीटर उंच, तरच शेवटच्या बाकावरून दिसतं. चित्रं तिथली हवीत: डोको (पाठीवरची बांबूची टोपली), ढाका टोपी, तराईत म्हैस आणि भातशेती. स्नोमॅन नको.

मुलांचे चेहरे, गणवेशावरचं शाळेचं नाव, घराचं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. शाळेने हो म्हटलं म्हणजे पालकांनी म्हटलं असं होत नाही. फोटो हवाच असेल तर फळ्याचा, हातांचा, वहीचा.

शेवटचा आठवडा

जाण्याची तारीख मुलांना पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर दाखवा, संवतातली. ‘पुन्हा येईन’ म्हणू नका; लहान मुलं ते खरं मानतात. पहिल्या दिवसापासून वर्गशिक्षकाला सोबत ठेवलं नसेल, तर शेवटच्या आठवड्यात काही सोपवता येत नाही. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून जोडीकाम त्यांनी घ्यायचं, तुम्ही मागे बसायचं. जाताना एक वही द्या: प्रत्येक मुलाची पहिली आणि शेवटची पातळी, झालेली वाक्यं, कार्डांचा डबा कुठल्या कपाटात आहे ते.