जुन्या गाडीत पेट्रोल आणि ॲडिटिव्ह: या चुका टाळा

माझी मारुती 800 आहे 1996 सालची, कार्ब्युरेटरवाली (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा जुना भाग). मागच्या पावसाळ्यात महिनाभर उभी राहिली आणि मग रस्त्यावर आली की झटके खाऊन बंद पडायला लागली. जो भेटेल तो म्हणे, टाकीत क्लीनरची बाटली ओत. मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि आधी पेट्रोलची नळी चिमटीत दाबली. नळी फुगून मऊ पडली होती, सोडली तरी आकार परत घेईना, बोटांना काळं लागलं. आतला रबराचा चुरा फिल्टरमध्ये आणि जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, जाऊन बसला होता.

जुन्या गाडीवाल्यांची सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: नळ्या तशाच ठेवायच्या आणि पैसे बाटलीवर घालवायचे. आता पंपावर ई20 मिळतं, म्हणजे 20 टक्के इथेनॉल. जुनं रबर आणि कॉर्कची पॅकिंग त्याने फुगतात, कालांतराने चिरतात. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळही ते सोडवून आणतं. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या घाला, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) तपासून घ्या आणि फिल्टर पहिल्या काही टाक्यांनंतर पुन्हा बदला. बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू करू नका.

दुसरी गोष्ट ट्यूनिंगची. साधं पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला फक्त 9 पट. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हा फरक बराचसा सांभाळून घेतो. कार्ब्युरेटरचा जेट आहे तेवढंच पेट्रोल सोडतो. मिश्रण पातळ पडतं (हवेच्या मानाने इंधन कमी), सकाळी चोक जास्त वेळ ओढावा लागतो, पिकअप बसतो. मिक्सचर स्क्रू नीट लावून घ्या, गरज पडली तर एक नंबर मोठा जेट घाला.

पिकअप नाही म्हणून महागडं हाय-ऑक्टेन पेट्रोल भरणंही व्यर्थ. ऑक्टेन म्हणजे नॉकिंग (इंजिनची टकटक) न होण्याची क्षमता, ताकद नव्हे. ई20 चं ऑक्टेनच 95 च्या आसपास आहे आणि 800 चं कॉम्प्रेशन बेताचंच. तरीही चढावर इंजिन टकटक करत असेल तर ठिणगीचं टायमिंग आणि आतला कार्बन बघा.

ऑक्टेन वाढेल म्हणून डांबरगोळ्या टाकीत मुळीच टाकू नका. पेट्रोल उडून गेलं की नॅफ्थलीनचे खडे मागे उरतात, तेही जेटच्या बारीक भोकात. रॉकेल तर ऑक्टेन पाडतं.

शिशाच्या पर्यायाची बाटली मात्र सरसकट निरुपयोगी म्हणता येणार नाही. पूर्वी पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हच्या सीटना झिजण्यापासून वाचवायचं, तेच काम हे ॲडिटिव्ह करतं. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशात शिसेविरहित पेट्रोलच मिळतं. जुन्या अँबॅसिडरच्या बिडाच्या हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवलेल्या नसतील, तर लांबच्या वेगवान प्रवासात सीट झिजतात. तिथे या बाटलीला अर्थ आहे. 800 चं हेड ॲल्युमिनियमचं, सीट वेगळ्या बसवलेल्या. तिला गरज नाही.

गाडी पावसाळ्यात उभी ठेवायची असेल तर इथेनॉल हवेतली ओल ओढतं हे लक्षात असू द्या. पाणी जास्त झालं की इथेनॉल त्याच्यासकट तळाशी उतरतं, आणि गाडी नेमकं तळातलंच ओढते. अशी गाडी सुरू होत नसेल तर स्टार्टर मारत बसू नका. टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढा, उघड्यावर, आगीपासून लांब. पंधरा मिनिटांनी दोन थर दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करूनच नवं पेट्रोल भरा.