मातीविटांच्या शाळेत पाणी कुठे कमी पडते

बुर्किना फासोतील गांदो या खेड्यात वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांनी गावकऱ्यांसोबत बांधलेली मातीविटांची प्राथमिक शाळा २००१ मध्ये पूर्ण झाली. मातीच्या बांधकामाकडे वळणारे बरेच जण तिची छायाचित्रे पाहून येतात. मीही तसाच आलो. भिंतींवर लांबवर आलेले पत्र्याचे छप्पर त्यांत दिसते, विटा मुरवण्याची, म्हणजे ओल्या ठेवून पक्क्या करण्याची, मेहनत दिसत नाही.

मातीत सुमारे पाच टक्के सिमेंट मिसळून दाबयंत्रातून काढलेली वीट कोपरे न मोडता उचलता येते, त्यामुळे ती तयारच वाटते. हा घट्टपणा दाबाचा असतो. सिमेंटचे काम पुढे असते आणि ते ओलाव्याशिवाय होत नाही. म्हणून पहिले दोन दिवस विटा प्लास्टिकखाली झाकाव्या लागतात आणि पुढे चार आठवडे त्यांवर पाणी मारावे लागते. कच्ची वीट उन्हात वाळवण्यात आयुष्य गेलेल्या गवंड्याला हे पटत नाही, आणि ‘मातीवर पाणी मारलं तर चिखल होईल की’ ही त्याची शंका रास्तच असते. आमच्याकडे थप्पीच्या कडेच्या विटा वाऱ्याने आधीच सुकल्या. दिसायला त्या इतरांहून देखण्या होत्या, पण पहिल्या पावसानंतर जोत्यालगतच्या थरावर अंगठा घासला की भुगा हाती येऊ लागला. तेव्हा पाणी मारायला स्वतंत्र माणूस ठेवा आणि त्याची मजुरी अंदाजपत्रकात धरा. हे काम श्रमदानावर सोपवू नका. श्रमदानाला सुट्टी असते, विटांना नसते.

मातीची ओल जमेल, घाबरू नका. मुठीत दाबलेला गोळा कमरेच्या उंचीवरून टाकावा. चार-पाच तुकडे झाले तर ओल योग्य, भुगा झाला तर कमी, नुसता चपटा झाला तर जास्त. फुगणाऱ्या काळ्या मातीच्या मात्र वाटेला जाऊ नका. दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र घेऊन शाळेची जबाबदारी अंगावर घेणे मला बेपर्वाई वाटते. त्यापेक्षा एखाद्या जुन्या गवंड्याच्या हाताखाली एक हंगाम काढावा.

मराठवाड्यात १९९३ च्या भूकंपानंतर मातीच्या भिंतीचे नाव काढताच लोक बिचकतात. त्यांच्याशी वाद घालू नका. दगडमातीच्या जाड भिंती व त्यांवरचे मातीचे जड छप्पर, म्हणजे धाबे, आणि काँक्रीटच्या आडव्या पट्ट्यांनी बांधलेली वीटभिंत यांतील फरक त्यांना नकाशावर दाखवा. मग प्रत्येक थप्पीच्या कडेची एक वीट त्यांच्यासमोर रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. सकाळी तिचे कोपरे सुटले असतील, तर ती थप्पी भिंतीत जाऊ देऊ नका.