भावनांचा भडका उडतो तेव्हा: डीबीटीची कौशल्ये कशी वापरावीत

राग, भीती, लाज किंवा दुःख एका मर्यादेपलीकडे गेले की ‘शांत हो, नीट विचार कर’ हा सल्ला ऐकणाऱ्याच्या काही कामाचा उरत नाही, कारण नीट विचार करण्याची शक्तीच त्या क्षणी जाग्यावर नसते. डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे डीबीटी, ही मानसोपचाराची पद्धत नेमकी ही अडचण गृहीत धरूनच बांधलेली आहे. भावना किती चढली आहे ते आधी पाहायचे आणि त्यानुसार कौशल्य निवडायचे, हा क्रम सांभाळला तर या पद्धतीचा उपयोग होतो. क्रम चुकला तर तीच कौशल्ये पोकळ वाटू लागतात.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्शा लाइनहॅन यांनी सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात ही पद्धत विकसित केली. वारंवार आत्महत्येचे प्रयत्न करणाऱ्या आणि स्वतःला इजा करून घेणाऱ्या स्त्रियांवर त्या उपचार करत होत्या. 1991 मध्ये त्यांच्या पहिल्या नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि 1993 मध्ये उपचारपुस्तिका आली. सतत ‘बदला’ असे सांगितले की रुग्णांना आपल्यालाच दोष दिला जात आहे असे वाटे, आणि नुसते समजून घेतले तर त्यांचे हाल तसेच राहत. म्हणून लाइनहॅन यांनी स्वीकार आणि बदल या दोहोंना एकाच उपचारात जागा दिली. तरुणपणी आपण स्वतः मनोरुग्णालयात राहिलो होतो, हे त्यांनी 2011 मध्ये जाहीरपणे सांगितले.

‘डायलेक्टिकल’ या शब्दाला ‘द्वंद्वात्मक’ असा प्रतिशब्द आहे, पण त्यातून भांडणाचा भास होतो. येथे अभिप्रेत आहे ते परस्परविरोधी वाटणारी दोन सत्ये एकत्र धरणे. ‘मी माझ्या परीने प्रयत्न करतो आहे, पण मला सुधारायला हवे’ या वाक्यातील ‘पण’च्या जागी ‘आणि’ घालून पाहावे. ‘पण’ने पहिला अर्धा भाग पुसला जात होता, ‘आणि’ने दोन्ही भाग उभे राहतात.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. भावना उसळली की तिला नाव द्यावे आणि 0 ते 100 यांपैकी एक अंक द्यावा. अंक साधारण 70 च्या वर असेल, तर त्या वेळी वाद घालू नये, निर्णय घेऊ नये, संदेश पाठवू नये आणि स्वतःची समजूत घालण्याच्याही फंदात पडू नये. (70 हा काही दगडावरचा आकडा नव्हे; आपले भान कोणत्या आकड्याला सुटते, हे ज्याचे त्याने अनुभवातून ठरवावे.) या टप्प्यावर शरीरामार्फतच काम करावे लागते. थंड पाण्याने भरलेल्या भांड्यावर वाकून, श्वास रोखून, डोळे आणि गालांचा वरचा भाग बुडेल अशा रीतीने चेहरा सुमारे 30 सेकंद पाण्यात धरावा. पाण्यात बुडी मारताना हृदयाची गती आपोआप मंदावते, त्याच प्रतिक्षिप्त क्रियेचा हा उपयोग आहे. पाणी 10 अंश सेल्सिअसपेक्षा थंड नसावे. हृदयविकार, मंद नाडी किंवा खाण्याशी संबंधित विकार असल्यास, तसेच नाडी मंदावणारी औषधे चालू असल्यास, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उपाय करू नये. अशा वेळी संथ श्वसनाचा मार्ग आहे: श्वास घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ द्यायचा, उदाहरणार्थ 5 आकडे मोजत आत आणि 7 मोजत बाहेर.

या उपायांनी प्रश्न सुटत नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. परिस्थिती आणखी बिघडू न देता कठीण अर्धा तास पार पाडणे, एवढेच त्यांचे काम आहे. मात्र साधा अस्वस्थपणा आला तरी प्रत्येक वेळी याच उपायांकडे धाव घेतली, तर ते टाळाटाळीचे साधन बनतात.

अंक उतरल्यानंतर भावनेची तपासणी करता येते. घटना काय घडली आणि आपण तिचा अर्थ काय लावला, हे दोन वेगळ्या ओळींत लिहावे. ‘मैत्रिणीने सकाळपासून उत्तर दिले नाही’ ही घटना. ‘तिला मी नकोशी झाले आहे’ हा अर्थ. लिहून काढले की त्यांच्यातील अंतर दिसते, मनात ते दिसत नाही. मग प्रश्न विचारावा: ही भावना आणि तिची तीव्रता वस्तुस्थितीला धरून आहे का? धरून असेल, तर भावनेशी झगडत बसण्याऐवजी मूळ समस्येवर उपाय शोधावा. धरून नसेल, किंवा तिच्या मागे गेल्याने आपलेच नुकसान होणार असेल, तर ‘विरुद्ध कृती’ करावी. निराधार भीती वाटते त्या गोष्टीकडे जावे. रागात हल्ला करण्याऐवजी हळूच बाजूला व्हावे. दुःखात अंथरुणाला खिळण्याऐवजी काहीतरी करू लागावे. ही कृती अर्धवट करून चालत नाही. तोंडाने नमस्कार आणि मुठी आवळलेल्या, अशाने राग उतरत नाही. चेहरा, आवाज आणि शरीराची ठेवणही बदलावी लागते. समोरची व्यक्ती खरोखर धोकादायक असेल, तर तिची भीती रास्त आहे. तेथे विरुद्ध कृती करू नये, सुरक्षित जागी जावे.

ही सारी कौशल्ये शांत वेळी सरावाने अंगवळणी पाडावी लागतात. संपूर्ण उपचारात आठवड्याला एक वैयक्तिक सत्र, कौशल्ये शिकवणारा गट, अडचणीच्या वेळी फोनवर मिळणारे मार्गदर्शन आणि उपचारकांचा परस्पर सल्लागट असतो. कौशल्यांचा अभ्यासक्रम साधारण 24 आठवड्यांचा असून तो बऱ्याचदा दोनदा घेतला जातो. ज्यांच्या मनात स्वतःला इजा करण्याचे किंवा जीव देण्याचे विचार येतात, त्यांनी लेख वाचून एकट्याने प्रयोग करत बसू नये. प्रशिक्षित उपचारकाकडे जावे, आणि धोका तत्काळ असेल तर आपत्कालीन वैद्यकीय मदत घ्यावी.

कधीतरी तोल जाईलच. त्या वेळी डीबीटीतील ‘साखळी-विश्लेषण’ करावे, शक्यतो दुसऱ्या दिवशी. झोप, भूक, आजारपण यांमुळे आपण आधीच किती हळवे झालो होतो, ठिणगी कोणत्या घटनेने पडली, त्यानंतर कोणता विचार, कोणती शारीरिक जाणीव आणि कोणती कृती कोणत्या क्रमाने आली, आणि शेवटी परिणाम काय झाला, हे कडीमागून कडी असे लिहावे. ‘मला अचानक राग आला’ असे वाक्य लिहिले गेले, तर तेथे थांबून ‘अचानक’च्या आधीचे दोन-तीन क्षण आठवावेत, सुटलेली कडी बहुधा तेथेच असते. त्या कडीपाशी पुढच्या वेळी कोणते कौशल्य वापरायचे, ते समासात लिहून ठेवावे.