ड्रॉपडाउनमध्ये निवडलेली नोंद दिसत नाही? आधी इक्वल्स बघा

कर्मचाऱ्याचा एडिट फॉर्म उघडला, डेटाबेसमध्ये विभाग नीट आहे, पण ड्रॉपडाउन 'चूज वन' दाखवत बसलाय. विकेटमध्ये (जावाचं एक वेब फ्रेमवर्क) असं दिसलं की मी क्वेरी तपासत बसत नाही, थेट विभागाचा क्लास उघडतो. बहुतेक वेळा तिथे इक्वल्स, म्हणजे दोन ऑब्जेक्ट समान आहेत का हे ठरवणारी मेथड, लिहिलेलंच नसतं.

कर्मचाऱ्यासोबत आलेला विभाग आणि यादीसाठी दुसऱ्या सेशनमधून (डेटाबेसशी झालेल्या वेगळ्या संवादातून) आणलेला विभाग, टेबलातली ओळ एकच, पण मेमरीत ऑब्जेक्ट दोन. इक्वल्स नसेल तर जावाच्या लेखी ते वेगळेच. विकेटचा ड्रॉपडाउनचॉइस निवडलेल्या ऑब्जेक्टचा यादीतला क्रमांक इंडेक्सऑफने शोधतो, तो न सापडल्याने उणे एक मिळतं आणि आयडीची प्रॉपर्टी दिलेली नसेल तर काहीच सिलेक्ट होत नाही.

चॉइसरेंडररला (यादीतली नोंद कशी दाखवायची ते ठरवणारा क्लास) दोन प्रॉपर्टी द्या: दाखवायचं नाव आणि आयडी. दुसरी गाळली तर यादीतला क्रमांकच एचटीएमएलमध्ये व्हॅल्यू म्हणून जातो. हे मला कधीच पटलेलं नाही. फॉर्म उघडा असताना कुणी नवा विभाग घातला आणि यादी सरकली, की सबमिट केल्यावर भलताच विभाग सेव्ह होतो. ना एरर, ना लॉगमध्ये ओळ.

आयडी दिला की विकेट निवड त्यावरूनच जुळवतं. तरीही इक्वल्स लिहाच, कारण जेएसएफमध्ये (जावाचं दुसरं वेब फ्रेमवर्क) त्यावाचून सुटका नाही. तिथे कन्व्हर्टरने (फॉर्ममधून आलेल्या मजकुराचा ऑब्जेक्ट करून देणारा क्लास) परत दिलेला ऑब्जेक्ट यादीतल्या एकाशीही इक्वल्सने जुळला नाही, तर 'व्हॅल्यू इज नॉट व्हॅलिड' ठरलेलं.

लिहिताना तुलना फक्त आयडीची करा. क्लास जुळतो का हे पाहायला गेटक्लास नको, इन्स्टन्सऑफ वापरा. हायबरनेटचा (टेबलातल्या ओळींचे ऑब्जेक्ट करून देणारी लायब्ररी) प्रॉक्सी, म्हणजे खरा डेटा लागेपर्यंत त्याच्या जागी ठेवलेला ऑब्जेक्ट, हा तुमच्या क्लासचा सबक्लास असतो, त्यामुळे गेटक्लास जुळत नाही. समोरच्याचा आयडी गेटरने घ्या, प्रॉक्सीचं फील्ड रिकामंच असू शकतं. आयडी नल असेल तर फक्त तोच ऑब्जेक्ट समान माना, नाहीतर सेव्ह न झालेल्या दोन नोंदी एकच ठरतील. हॅशकोडमधून, म्हणजे हॅशसेटमध्ये नोंद कुठे ठेवायची ते ठरवणाऱ्या मेथडमधून, सरळ एक स्थिर आकडा परत करा. आयडीवरून काढलात तर सेव्ह झाल्यावर तो बदलतो आणि हॅशसेटमध्ये आधीच ठेवलेली नोंद सापडत नाही.

लॉम्बॉकचं (कोड आपोआप तयार करणारी लायब्ररी) डेटा अ‍ॅनोटेशन एंटिटीवर (टेबलाशी जोडलेल्या क्लासवर) पाहिलं की मी रिव्ह्यूत अडवतो: ते सगळी फील्ड तुलनेत घेतं, लेझी (गरज पडल्यावरच लोड होणारी) कलेक्शनसुद्धा. जावा 16 पासूनचे रेकॉर्डही (फक्त डेटा ठेवणारे क्लास) सगळे घटक तपासतात, म्हणजे विभागाचं नाव बदललं की जुनी निवड जुळत नाही. ईनमला (ठरावीक स्थिर मूल्यांचा प्रकार) यातलं काहीच लागत नाही.

शेवटी एक टेस्ट ठेवा: एकच ओळ दोन वेगळ्या सेशनमध्ये लोड करा आणि दोन्ही ऑब्जेक्टवर असर्टइक्वल्स चालवा. मग एकाच्या जागी प्रॉक्सी घेऊन दोन्ही बाजूंनी तपासा.